चुलीवरचा चुगलखोर

कामावर निघताना उंबरठ्याच्या आतल्या बाजूला राख पसरून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. साधी राख नाही, चाळून घेतलेली, मऊ. संध्याकाळी आल्यावर दार उघडायचं, पाय आत टाकायच्या आधी वाकून बघायचं, कोणाचं पाऊल उमटलंय का, आणि मग केरसुणीनं ती राख गोळा करून पुन्हा डब्यात. एकदा तिच्यावर मांजराची पावलं उमटली. दुसरा कोणी असता तर मांजराला दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. हे गृहस्थ मात्र गावभर विचारत फिरले, मांजर कोणाचं म्हणून.

"अहो भाऊ, मांजर आहे ते. येतं आणि जातं," मी म्हटलं.

"मांजर आपल्या मनानं येत नाई बाई," ते म्हणाले. "मांजराले बी कोणीतरी धाडते."

गाव झाडीतलं, म्हणजे पूर्वेकडच्या जंगलपट्टीतलं. छोट्या लाईनच्या गाडीनं सिंदेवाहीला उतरायचं आणि पुढे बैलगाडी. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांची नातवंडं अजून आहेत. पन्नासची सालं संपत आली होती. आम्ही मध्यप्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो, त्याला थोडाच काळ झाला होता. दवाखान्याची पाटी बदलली, औषधं तीच राहिली. त्या दवाखान्यात मी नर्स. वर्ध्याची, एकटी, अंगानं काडी आणि जिभेनं मिरची. राहायला मिळालं ते लाकूड कापायच्या आरागिरणीच्या शेठच्या घराचं एक अंग. दुसऱ्या अंगात हे राखवाले गृहस्थ राहायचे. मधली भिंत वरपर्यंत बांधलीच नव्हती. छपराच्या कवेलूखाली हातभर फट, त्यामुळे माझा धूर त्यांच्याकडे आणि त्यांचं बोलणं माझ्याकडे.

त्यांचं खरं नाव गावात कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे रंगूनवाले म्हणत, मी रंगूनभाऊ म्हणायची. गिरणीत कानस घेऊन आऱ्याचे दाते घासायचे, धार लावायची, हे त्यांचं काम. जात विचारली की म्हणत, "ते समुद्रात पडली." गाव विचारलं की एखाद्या ओसाड पडलेल्या खेड्याचं नाव सांगत. रंगूनला एका चिन्याच्या लाकडाच्या वखारीत बरीच वर्षं काढली, जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा डोंगर तुडवत पायी कलकत्त्याला आले, मग काही वर्षं इकडे-तिकडे करून इथे, एवढं ते सांगायचे. मी त्यातलं निम्मं धरायची. माझं धोरण पहिल्यापासून एकच. माणसावर विश्वास जरूर ठेवावा, पण आधी नाडी बघावी.

येताना त्यांनी पत्र्याची एक लांब नळी आणली होती, दोन्हीकडून झाकण असलेली. त्या नळीवरून गावात काय काय अफवा! कोणी म्हणे सोनं आहे, कोणी म्हणे ब्रह्मदेशाचे माणिक. शेठचा मुनीम तर छातीवर हात ठेवून सांगायचा, चिन्याचा मुडदा पाडून आणलेली दौलत आहे. नळीत होती चित्रं. चिन्यांच्या देवांची. पातळ, करकरीत कागदावर लाकडाच्या ठशानं छापलेली. लाल, हिरवा, पिवळा असे भडक रंग, गालफुगे देव, नाभीपर्यंत लोंबणाऱ्या मिशा, आणि कडेला उभी उभी अक्षरं. त्या वखारवाल्याची म्हातारी आई होती, तिनं ती दिली आणि गोष्टीही तिनंच सांगितल्या, असं म्हणायचे.

पण दाखवण्याची तऱ्हा बघा. एका वेळी एकच चित्र. त्या दिवशी दुसरं मागितलं तर नळीचं झाकण बंद.

"दोन चित्रं एकदम दाखवू नाई. दुसरं पाह्यलं का माणूस पह्यल्यावर शंका घेते," हे त्यांचं एक वचन. अशी वचनं पुष्कळ होती. "अनोळखी माणूस तर अनोळखीच आहे, त्याची काय भीती? भीती वळखीच्याची." हे दुसरं. दवाखान्यात मी पाणी दिलं तर गडवा आधी नाकाशी न्यायचे, मग माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि म्हणायचे, "तुमी घ्या ना आधी, बाई." मी एक घोट घेतल्याशिवाय त्यांच्या घशाखाली थेंब उतरत नसे. सुरुवातीला माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग सवय झाली.

त्यांच्या दारावर दोन शिपायांची चित्रं चिकटवलेली होती, अंगात चिलखत, हातात कुऱ्हाडीसारखी हत्यारं, डोळे वटारलेले. गोष्ट अशी की एका राजाला भुतं झोपू देईनात. त्याचे दोन सरदार दाराशी पहाऱ्याला उभे राहिले, तेव्हा भुतं थांबली. पण त्यांना रोज कसं जागवायचं, म्हणून राजानं त्यांची चित्रं काढून दारावर लावली. ठीक. पण चिनी लोक ती दाराच्या बाहेरून लावतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. यांनी आतून लावली होती. शिपायांची तोंडं घराकडे.

"भाऊ, उलटी लावली की तुम्ही," मी म्हटलं.

"बराबर लावली. बाहेरच्याले राख आहे. आतल्यावर कोणी नजर ठेवाची?"

आत तर ते एकटेच राहायचे. त्या उत्तरानं मी जरा चरकलेच. भिंतीपलीकडे माणूस स्वतःवरच पहारा बसवून राहतोय म्हटल्यावर चरकणार नाही तर काय.

आणि तो सदरा! आमच्या चांदा जिल्ह्यातला उन्हाळा ज्यानं काढला त्यालाच माहीत. वैशाखात गिरणीतली सगळी माणसं कमरेवर उघडी. हे गृहस्थ लांब बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, घामानं निथळत आऱ्याला कानस मारणार. एकदा छातीत कफ झाला म्हणून पाठीला तपासायची नळी लावायची म्हटलं, तर "सदऱ्यावरून लावा." मी रागावले, डॉक्टर रागावले. सदरा निघाला नाही. गावात बोलणं सुरू झालं की पाठीवर चिन्यांनी काहीतरी गोंदून दिलंय. मीही मनात म्हटलं, काहीतरी आहे खरं.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी तिरंदाजाचं चित्र दाखवलं. आभाळात दहा सूर्य एकदम उगवले, धरती भाजून निघाली, तेव्हा एका तिरंदाजानं नऊ पाडले. गिरणीतली माणसं चित्र बघून खूश.

"मंग धाव्वा काऊन ठेवला?" एकानं विचारलं.

"तो चांद्यासाठी ठेवला," रंगूनभाऊ म्हणाले. आणि चेहरा इतका गंभीर की हसावं की नाही, कोणाला कळेना.

पुढच्या वेळी तीच गोष्ट सांगताना तिरंदाजानं आठच पाडले होते आणि एक झोळीत लपवला होता. मी म्हटलं, मागे तर नऊ सांगितले होते. तर म्हणाले, "मांगं तुमी नव्या होत्या." त्या दिवसापासून त्यांच्या कोणत्याही गोष्टीवरचा माझा उरलासुरला भरवसाही उडाला.

दारावरच्या शिपायांसारखंच आणखी एक चित्र नळीत कधी जात नसे. ते चुलीच्या वर भिंतीला कायम. काजळी बसून काळवंडलेलं, एक गुबगुबीत देव आणि शेजारी त्याची बायको, दोघं मांडी घालून बसलेली. तो चुलीचा देव. वर्षभर घरात बसून कोण काय बोललं, कोण काय लपवलं, सगळं बघतो. वर्ष सरताना आभाळातल्या राजाकडे जातो आणि घरातल्यांच्या चुगल्या करतो. म्हणून चिनी लोक त्याच्या तोंडाला चिकट गोड काहीतरी फासतात, म्हणजे एकतर तो गोड बोलेल, नाहीतर ओठ चिकटून गप्प राहील. मग चित्र जाळतात. धुरातून देव वर जातो, आणि नवीन वर्षाचं नवीन चित्र भिंतीला लागतं.

यांच्याकडे नवीन चित्र कुठून येणार? म्हणून हे दर पौष अवसेला देवाच्या तोंडाला गूळ फासायचे आणि जाळायचे मात्र नाहीत. म्हणजे देव कधी वर गेलाच नव्हता. वर्षानुवर्षांच्या चुगल्या पोटात घेऊन तो तिथेच बसून होता. गुळाला मुंग्या लागायच्या. मुंग्यांनी खाऊन खाऊन त्याच्या तोंडाच्या जागी कागदाला भोक पडलं होतं.

मी भिंतीपलीकडून त्यांचं त्याच्याशी बोलणं ऐकायची. "आज लाकूड फाटलं ते माह्याच धारेनं. शेठले मी सांगतलं का लाकूडच किडकं होतं. तू पाह्यलं नसन तर पाहू नोको." असं. स्वतःच्याच घरात चोरासारखं बोलणारा माणूस. मी भाकरी थापताना हात थांबवून ऐकायची. काहीतरी मोठं कधीतरी बाहेर पडेल असं वाटायचं. पडायचं नाही.

त्यांची चूल पेटायची ती चहापुरती. दोन्ही वेळचं जेवण गल्लीच्या पलीकडून बयनाबाई आणायची. बयनाबाई ढिवराची विधवा. तिचा नवरा गावाच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मासे धरायचा, तो गेल्यावर ही डोक्यावर टोपली घेऊन मरळ आणि झिंगे विकायची. थोराड हाडाची, कमी बोलणारी. तिच्या शब्दावर सगळं गाव चालायचं, कारण तिचा मासा कधी शिळा निघाला नाही. रंगूनभाऊ तिची विळी आणि कोयते घासून द्यायचे, त्याच्या बदल्यात ती भात, लाखोळीची डाळ, कधी झिंग्यांचा रस्सा आणायची. गावानं हा व्यवहार मान्य केला होता.

मला मात्र तो पटत नव्हता. विळीला धार किती वेळा लागते? आणि हिचं जेवण येतं रोज, तेही ताजं, झाकून, गरम. त्याहून मोठं म्हणजे, जो माणूस माझ्या हातचं पाणी हुंगून पितो, तो हिच्या हातचा घास न हुंगता गिळायचा! माझा संशय सरळ बयनाबाईवर गेला. म्हटलं, बाई गोड घालून घालून त्या नळीवर डोळा ठेवून आहे. उद्या भातात काही कालवलं तर यांना कळायचंही नाही.

मी तिला एकदा खडसावलंच. "बयनाबाई, एवढा पुळका कशाचा हो?"

तिनं टोपली खाली ठेवली. "बाई, तुमी बिमाराले औषध देता, त्याले विचारता काय, तू माहा कोण म्हणून?"

उत्तर बिनतोड होतं, म्हणून तर माझा संशय आणखी वाढला.

पुढे काही वर्षांनी, संक्रांतीनंतरची एक दुपार आठवते. घरामागच्या सांदवाडीत ऊन खात बसलो होतो. बयनाबाई मरळ साफ करत होती, मी पट्ट्या गुंडाळत होते. रंगूनभाऊ गूळ कुटत होते, अवस जवळ आली होती.

"आमी माणसाले तीळगूळ देऊन गोड बोल म्हणतो," बयनाबाई म्हणाली. "तुमच्यात देवालेच लाच द्यावं लागते."

"तो देव आधी माणूसच होता," रंगूनभाऊ म्हणाले. आणि कोणी न विचारता गोष्ट सुरू केली. "झांग नावाचा एक होता. घरी बायको सोन्यासारखी. याचं मन उडालं. तिले टाकून दुसरीच्या मांगं गेला. दुसरीनं समदं खाल्लं, अन् सोडून गेली. हा आंधळा झाला. भीक मांगत मांगत एका दारात आला. आतली बाई म्हणे, बस, जेव. जेवता जेवता रडाले लागला. म्हणे, असा भात माही बायको रांधे. तवा ते बाई म्हणे, डोळे उघड. डोळे उघडले, तर तेच बायको. मंग का करन तो? लाजेनं चुलीत उडी घातली. तिकडच्या चुली मोठ्या असते, माणूस मावते. बाईनं पाय धरून ओढलं, तर पायच हातात आला. म्हणून तिकडं चुलीतल्या सळईले झांगचा पाय म्हणते. वरच्या राजानं मंग त्याले चुलीचा देव केलं."

बयनाबाईची विळी थांबली होती. "त्या बाईले कवा समजलं, हा आपलाच नवरा म्हणून?"

"पाह्यल्याबरोबर."

"मंग पह्यलेच बोलली काऊन नाई?"

"ते मले नाई माहीत. बुढीनं सांगतलं नाई."

"मी सांगतो," बयनाबाई म्हणाली. झाडीत बायका स्वतःबद्दलही असंच बोलतात. "बोलली असती तर तो जेवला नसता. उपाशी उठून गेला असता." तिनं माशावरून पुन्हा विळी फिरवली. "पण बाई येडीच होती. चुलीत गेल्यावर ओढून का फायदा? आधीच म्हणाचं होतं, चुलीपासून दूर बस."

रंगूनभाऊ कुटतच राहिले. गूळ मात्र नको तितका बारीक झाला होता. मी मनात म्हटलं, नर्सबाई, या दोघांचं काहीतरी शिजतंय. काय शिजतंय ते मात्र मला ओळखता आलं नाही. स्वतःला मोठी चाणाक्ष समजत होते मी.

त्याच वर्षाच्या शेवटी तिकडे बर्फाच्या डोंगरात चिन्यांशी बिनसलं. गावात रेडिओ एकच, शेठकडे. त्याच्यापुढे बसून लोक ऐकायचे आणि उठताना आमच्या घराकडे बघायचे. कालपर्यंत ज्याची चित्रं बघायला गर्दी व्हायची, त्याच्याकडे कोयत्याला धार लावायलाही कोणी येईना. मग कोणीतरी वर कळवलं. कोणी, ते आजतागायत कळलं नाही. मुनीम असेल, आणखी कोणी असेल. मी नव्हते, एवढं सांगते. रंगूनभाऊंनी मात्र मला फटीतून विचारलं होतं, "तुमीच काय, बाई?" त्या प्रश्नानं मला इतका संताप आला की मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं.

धान कापणीचे दिवस होते. फौजदार आले, बरोबर एक शिपाई. गावात धड टेबल एकच, माझं ड्रेसिंगचं. त्यावर नळीतली आणि भिंतीवरची चित्रं पसरली आणि दवाखान्याच्या छपरीत चौकशी मांडली. सगळं गाव वावर सोडून गोळा झालं.

"हे काय लिहिलं आहे?" फौजदारांनी अक्षरांवर छडी ठेवली.

"मले वाचता येत नाई साहेब."

गर्दीत कुजबुज झाली. मीही मनात म्हटलं, अरे देवा, एक अक्षर येत नाही, आणि इतकी वर्षं गोष्टी सांगतोय हा माणूस!

"मग गोष्टी कुठून आणल्या?"

"बुढीनं सांगतल्या. तिले बी वाचता येत नव्हतं."

"हा कोण?" छडी चुलीच्या देवावर आली.

"चुलीचा देव. घरातल्या गोष्टी वर सांगते."

"वर म्हणजे कुठे?"

"वरच्या राजाले."

फौजदार पुढे झुकले. "चीनच्या?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. फौजदार हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वर काहीतरी लिहून द्यायचं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "हे बघा, तुम्ही सांगितलेल्या गावाला माणूस पाठवला होता. पटकीत गाव उठलं, ओळख देणारा एकही नाही. तुम्ही चिनी नाही, बर्मी नाही, इथलेच आहात, हे सांगणारं कोणी आहे? असेल तर आणा. नसेल तर आजच्या गाडीनं चांद्याला चला. तिथून तुम्हाला कुठे धाडतील, ते माझ्या हातात नाही."

रंगूनभाऊंनी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. "कोणी नाई साहेब."

फौजदार माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुमची भिंत एक आहे. तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? म्हटलं, "दारू पीत नाहीत, कोणाची वस्तू उचलत नाहीत, कोणाच्या बाईकडे डोळा वर करून बघत नाहीत. पण ते मूळचे कोण, हे मला ठाऊक नाही." खरं तेच बोलले. बोलताना आपण माणसाला गाडीत बसवतोय असं वाटत होतं.

इतक्यात गर्दी बाजूला झाली आणि बयनाबाई आली. जेवणाची वेळ झाली होती, तिच्या हातात झाकलेला गंज होता, भाताच्या पातेल्याला तिकडे गंजच म्हणतात. चौकशी चालू आहे, पोलीस आहेत, काही नाही. तिनं गंज टेबलाच्या कोपऱ्यावर, देवांच्या शेजारी ठेवला.

"ही कोण?" फौजदारांनी विचारलं.

"जेवण आणते," रंगूनभाऊ घाईनं म्हणाले. "परकी आहे साहेब. तिले काई माहीत नाई. जाऊ द्या तिले."

त्यांना इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. पोलिसांना नव्हते घाबरले इतके.

बयनाबाईनं चुलीच्या देवाकडे पाहिलं, त्याच्या तोंडाच्या भोकाकडे. मग म्हणाली, "याच्या तोंडाले गूळ आहे साहेब. माह्या तोंडाले कोणी लावला नाई. मी सांगतो."

गर्दी पुढे सरकली.

"हा आरमोरीकडचा ढीवर. याचा बाप नदीवर डोंगा चालवे. माह्याशी लगन झालं तवा मी पोरगीच होती. एका पोळ्याच्या आधी ठेकेदाराच्या मांगं लाकडं तोडाले गेला. म्हणे पोळ्याले येतो. मंग का समुद्रावर गेला का कुठी गेला, मले नाई माहीत. मी लय वाट पाह्यली. मंग भावानं या गावात पाट लावून दिला. तो माणूस बी गेला. अन् हा एक दिवस गिरणीत आऱ्यापाशी बसून दिसला." तिनं दम घेतला. "खोटं वाटत असन तर सदरा काढा त्याचा. उजव्या खांद्याखाली पाठीवर भाजल्याचा डाग आहे. आंबिलीचा गंज माह्याच हातून सांडला होता. नवी होती मी. हात थरथरला."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. रंगूनभाऊंनी हात हलवला नाही, नाही म्हटलं नाही. गुंड्या मीच काढल्या. डाग होता. जुना, तळहातापेक्षा मोठा, कातडी चुरगळलेली. हा डाग सगळ्या गावात फक्त एका माणसानं ओळखला असता, आणि त्या एका माणसासाठी त्यांनी चांद्याचे एवढे उन्हाळे सदऱ्यात काढले होते! मी मान हलवली. फौजदारांनी छडी काखेत मारली, "चित्रं उचला आपली," म्हणाले, आणि सशाचं एक चित्र मुलीला दाखवतो म्हणून घेऊन गेले. ते काही परत आलं नाही.

गर्दी पांगली. रंगूनभाऊ तिथेच जमिनीवर बसले होते, उघड्या पाठीनं. "काऊन बोलली ते?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. गंज तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवण आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बयनाबाईच्या मेलेल्या नवऱ्याच्या भावकीनं तोंड वाकडं केलं होतं, पण ती असल्यांना भीक घालणारी बाई नव्हती. मी जाऊन विचारलं.

"इतके दिवस परक्याले घालत होती बाई," ती म्हणाली. "परक्याले घातलं का पुण्य लागते. नवऱ्याले घालतो म्हटलं का मांगचं समदं निघते. माह्यानं नाई होत आता."

म्हणजे त्यांना गावात ठेवायला तिनं तोंड उघडलं आणि त्याच तोंडानं त्यांचं जेवण गेलं. हे तिला आधीच माहीत होतं का? मला वाटतं, होतं. आणि ते या गावात आले ते तिच्या मागावर की चुकून, हे मी पुष्कळ वेळा विचारायचं ठरवलं. विचारलं नाही, कारण त्यांनी जे सांगितलं असतं त्यावर माझा विश्वास बसला नसता.

आठवडेच्या आठवडे त्यांनी फुटाणे-मुरमुऱ्यांवर काढले. मी भाकरी देऊन बघितली, तर आधी त्या मांजराला घातली, मांजर जिवंत राहिलं तेव्हा अर्धी खाल्ली. पलीकडून देवाशी बोलणं बंद झालं होतं. इतकी शांतता मला सोसवेना. कधी नव्हे ते वाटायला लागलं, या माणसानं काहीतरी खोटं बोलावं.

पौष अवस आली. दुपारी मी दवाखान्यातून जेवायला घरी आले, तर फटीतून धूर येत होता, कागद जळाल्याचा. मी तशीच त्यांच्या दारात गेले. दार सताड उघडं, उंबरठ्यात राख नाही. चुलीवरची भिंत मोकळी, नुसता चौकोनी पांढरा डाग. गुळाचा खडा पाटावर तसाच होता, अख्खा. देव वर गेला होता, आणि त्याच्या तोंडाला या वेळी काही लावलं नव्हतं.

रंगूनभाऊंनी जेवायची पितळी धुतली, धोतराला पुसली आणि ती हातात घेऊन माझ्याजवळून बाहेर पडले. माझ्याकडे पाहिलंही नाही. दार उघडंच. गल्ली ओलांडून ते बयनाबाईच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मला राहवलं नाही, मीही मागोमाग गेले, कुंपणाशी थांबले. संशयी बाई मी, मला वाटलं, आता ती याला गल्लीभर ऐकवणार.

ती चुलीशी बसली होती. भात उतरवत होती. तिनं वर पाहिलं.

"जेवाले वाढतं काय?" ते म्हणाले. पितळी त्यांनी पुढे केली.

तिनं भात खाली ठेवला. बाहेर आलेली सळई तिनं चुलीत आत सारली, पदरानं तोंड पुसलं.

"ये," ती म्हणाली. "पण चुलीपासून दूर बस."